चौतीस सरांचा तक्ता

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना मुलं 'चौतीस' म्हणायची. तोंडावर नाही, पण सरांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने. सरांना त्याचा राग यायचा नाही. उलट नवा शिक्षक रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात सर त्याला शिक्षकखोलीच्या खिडकीपाशी गाठायचे आणि आपल्या या नावाची गोष्ट स्वतःच ऐकवायचे. मलाही ऐकवली होती. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला ती फार आवडली होती, हे आधीच कबूल करून टाकते.

गोष्ट अशी. सरांचा सख्खा पुतण्या आमच्याच शाळेत नववीत होता. वार्षिक निकालात त्याला गणितात चौतीस पडले. पास व्हायला पस्तीस लागतात. मुलाचा बाप म्हणजे सरांचा धाकटा भाऊ. दोघे भाऊ एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत राहायचे. निकालाच्या आदल्या दिवशी भाऊ आला आणि म्हणाला, "दादा, एक मार्क. एकच." सर म्हणाले, "आज तुझ्या मुलाला दिला, तर उद्या कोणाच्या मुलाला नाही म्हणू?" भाऊ उठला, समोर आपल्या घरात गेला, आणि ते दार सरांसाठी बंद झालं ते झालंच.

"आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माझ्याकडे चालत नाही," असं म्हणून सर गोष्ट संपवायचे आणि चहाचा शेवटचा घोट घ्यायचे. ऐकणारा भारावून जायचा. पुतण्याचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नसे. मीही विचारलं नव्हतं. तो वर्षाने लहान पोरांच्या वर्गात दोन महिने बसला, मग शाळा सोडून काचेच्या दुकानात लागला. हे मला फार नंतर, सरांच्या बायकोकडून, म्हणजे वहिनींकडून कळलं.

सर दुष्ट होते असं कोणाला वाटायला नको. रविवारी सकाळी ते कच्च्या मुलांना घरी बोलावून फुकट शिकवायचे. पेपर तपासताना उत्तर चुकलं असलं तरी ओळीओळीत शिरून कुठे अर्धा मार्क देता येतो का ते शोधायचे. "उत्तर चुकलं म्हणून वाट चुकली असं नसतं," हे त्यांचं पालुपद. रजा म्हणून त्यांना माहीत नव्हती. डाव्या खिशात लाल पेन, उजव्या खिशात निळं, आणि ती कधी चुकूनसुद्धा उलटसुलट झाली नाहीत. वहिनी म्हणायच्या, "यांनी लग्नात मला हार घातला तोसुद्धा दोन्ही बाजू सारख्या लोंबतात का ते बघून."

आणि सरांचा तक्ता. शिक्षकखोलीच्या भिंतीवर, घड्याळाखाली, पुठ्ठ्यावर चिकटवलेला तो तक्ता वीस वर्षं लटकत होता. आमच्याकडे वार्षिक परीक्षा शंभर मार्कांची, पण निकालात तिचं वेटेज साठ. सहामाही ऐंशीची, तिचं तीस. वर्षभरातल्या चाचण्या मिळून चाळीस, त्यांचं दहा. साठ, तीस आणि दहा मिळून शंभर. आता कोणाला वार्षिकमध्ये सत्तावन्न असतील तर साठपैकी किती, हा हिशेब दर वेळी कोण करणार? म्हणून सरांनी तिन्हींच्या तीन रकान्यांत, शून्यापासून पूर्ण मार्कांपर्यंत, प्रत्येक आकड्यापुढे त्याचा उतरवलेला आकडा लिहून ठेवला होता. बोट ठेवायचं, आकडा उचलायचा, रजिस्टरात उतरवायचा. खाली लाल शाईत एक ओळ होती: 'अपूर्णांक सोडून द्यावा.' आणि सरांची सही.

ती ओळ सरांनी का घातली, तेही सांगते. त्याआधी ज्याला जसं वाटेल तसं चालायचं. लाडक्या विद्यार्थ्याचा अर्धा मार्क वर जायचा, डोक्यात गेलेल्याचा खाली. त्यावरून दोन बाई वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. सरांनी सगळ्यांना एकच नियम लावला आणि भांडणं मिटली. पुढे संगणक आला, तेव्हा ऑफिसातल्या क्लार्कने तोच तक्ता जसाच्या तसा त्यात भरला, रजिस्टर मात्र हातानेच चालू राहिलं. मीही पंधरा वर्षं त्यावर बोट ठेवत आले. भाषा शिकवणाऱ्या बाईने गणिताच्या सरांच्या तक्त्यावर शंका घ्यायची नसते, असं मला वाटायचं. खरं म्हणजे आळस होता.

यंदा नव्या मुख्याध्यापिका आल्या. माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की वार्षिकचं वेटेज साठवरून चाळीसवर आणायचं, वर्षभराच्या कामाचं वाढवायचं, आणि मार्कांऐवजी अ-ब-क-ड अशा श्रेणी द्यायच्या. सर ताडकन उठले. "म्हणजे वर्षभर वह्या सजवायच्या आणि पेपर कोरा द्यायचा? आणि उद्या मुलं मला काय म्हणणार, ड सर?" सगळे हसले. मुख्याध्यापिकासुद्धा हसल्या, पण माघार काही घेतली नाही.

तेव्हा सरांनी पैज मारल्यासारखं जाहीर केलं की वीस वर्षांचे निकाल मी दोन्ही पद्धतींनी काढून दाखवतो. जो नापास व्हायचा तो कुठल्याही पद्धतीने नापासच होतो, वेटेज बदलून डोकं बदलत नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, जरूर काढा. तिघांची समिती नेमली गेली: त्या, सर आणि मी. मी का, तर एकाने आकडे वाचायचे आणि दुसऱ्याने मांडायचे असल्यामुळे वाचायला कोणीतरी लागणार होतं. सरांच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते.

शाळा सुटल्यावर आम्ही जुन्या रजिस्टरांच्या खोलीत बसू लागलो. कापडी पाठीची लांबलचक रजिस्टरं, एका बाजूला निळ्या शाईत मुलाचे मूळ मार्क, दुसऱ्या बाजूला काळ्या शाईत तक्त्यावरून उतरवलेले. मी निळे आकडे वाचायचे, सर नव्या वेटेजने मांडायचे. नव्या वेटेजचा तक्ता नव्हता, म्हणून कॅल्क्युलेटरवर, दशांशासकट. जुना निकाल काळ्या शाईत तयारच होता.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून सर, स्वतःची पैज हरत असूनही, खूश दिसायला लागले. नव्या पद्धतीत काठावरची बरीच मुलं पास होत होती. "बघा बाई, म्हणत नव्हतो? खिरापत आहे खिरापत!" दिवसभर सहा तास घेऊन माझं डोकं ठणकत होतं. मी वैतागून म्हणाले, "सर, एका पद्धतीला दशांश देता आणि दुसरीला देत नाही, हा कुठला न्याय? जुनीही कॅल्क्युलेटरवर काढा ना." मला गणितातलं फार कळतं म्हणून हे बोलले नाही. त्यांची टिंगल करायची होती, एवढंच.

समोर जे पान उघडं होतं त्यावर एक मुलगी होती, नापास, चौतीस. सरांनी तिचे आकडे जुन्याच वेटेजने, पण दशांशासकट मांडले. पस्तीस पूर्णांक नऊ दशांश आले. सरांनी पुन्हा मांडले. मग पुढचं पान उलटलं, आणखी एक पाहिला, तो चौतीसचा चौतीसच राहिला. सरांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. पण मग त्यांनी आपला चष्मा पुसला, उठले आणि मधली सगळी वर्षं सोडून अठरा वर्षांपूर्वीचं रजिस्टर घेऊन आले. मला वाचायला सांगितलं नाही. पान त्यांना तोंडपाठ होतं.

वार्षिक तेहतीस. त्याचे साठपैकी होतात एकोणीस पूर्णांक आठ दशांश, तक्त्यावर होते एकोणीस. सहामाही एकतीस. त्याचे अकरा पूर्णांक सहा दशांश आणि वर थोडं, तक्त्यावर अकरा. चाचण्या एकोणीस. त्याचे पावणेपाच, तक्त्यावर चार. तक्त्याची बेरीज चौतीस. खरी बेरीज छत्तीस आणि वर थोडं.

सरांनी तीन वेळा बटणं दाबली. मग म्हणाले, "बाई, हा कॅल्क्युलेटर बिघडलाय." मी कागदावर करून पाहिलं. मला पाढे धड येत नाहीत, मला वेळ लागला. छत्तीसच आले. शेवटी एकदा अपूर्णांक सोडायच्या ऐवजी सर प्रत्येक पायरीला सोडत होते, आणि तीन पायऱ्यांवर मिळून मुलाचे एक-दोन मार्क गळून जात होते. जवळपास प्रत्येक मुलाचे. ज्याला अठ्ठ्याऐंशी पडले त्याला नव्वद पडायचे होते, पण त्याचं काही अडलं नाही. अडलं ते काठावरच्यांचं. ओळीओळीतून शोधून दिलेले सरांचे ते अर्धे अर्धे मार्क त्यांचाच तक्ता वीस वर्षं खात होता.

पुढच्या आठ दिवसांत आम्ही सगळी वर्षं काढली. जुन्याच वेटेजने, अपूर्णांक फक्त शेवटी सोडून मांडलं, तर अकरा मुलं पास असताना नापास ठरली होती. त्यांतली तीन माझ्या विषयात. त्यांची नावं मला आठवत होती. एकीच्या आईला मी म्हणाले होते, "वर्षभर झोपा काढल्यावर असंच होणार." हे आठवून आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

यादी पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले नाहीत. दुपारी वहिनींचा फोन आला. "काल आल्यापासून जेवले नाहीत. दार उघडं टाकून समोरच्या दाराकडे बघत बसलेत. तुम्ही या." मी शेवटचा तास सोडून गेले. सर खुर्चीत बसले होते, पायात चपला तशाच.

"बाई," ते म्हणाले, "ही यादी तुमच्या-माझ्यातच राहिली तर? चार महिने आहेत. मी गेल्यावर तक्ता बदला, हवं ते करा. मला तेवढं जाऊ द्या."

मला कीव यायला हवी होती. आला तो राग. "भावाला एक मार्क देववला नाही तुम्हाला, आणि आता अकरा जणं गिळायची आहेत? आणि मी मूग गिळून बसायचं?" मी इतक्या मोठ्याने बोलले की आतून वहिनी बाहेर आल्या. त्या माझ्यावर चिडतील असं मला वाटलं. त्या सरांनाच म्हणाल्या, "सांगून टाका. अठरा वर्षं मी माझ्या जावेशी जिन्यात मुक्यासारखी वागतेय. तिची नात माझ्याकडे बघून हसते, तर मी आधी तुमच्या तोंडाकडे बघते, हसू का म्हणून. मला कंटाळा आलाय हो." सरांनी चपला काढल्या, पुन्हा घातल्या. 

समितीची बैठक सोमवारी होती. सर आले, इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही पेनं जागच्या जागी. मी यादी काढणार होते, पण त्यांनी हात करून मला थांबवलं आणि उभं राहून स्वतः वाचली. प्रत्येक मुलाचे तक्त्याचे मार्क आणि खरे मार्क. अकरावं नाव वाचताना त्यांनी "हा माझा पुतण्या" असंही सांगितलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, तुमच्या वेटेजविरुद्ध मी जे बोललो ते मागे घेत नाही. पण माझं वेटेज बरोबर होतं असं म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही."

मुख्याध्यापिका जिंकल्यासारख्या दिसतील, असं मला वाटलं होतं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "सर, हे इतिवृत्तात नको. पालक येतील, वकील येतील, वीस वर्षांच्या गुणपत्रिका काढायला लागतील. आपण पुढचं दुरुस्त करू. मागचं उकरून कोणाचं भलं होणार?" आणि त्यांनी लिहिलं: 'गणनपद्धतीत सुधारणा करण्याचे ठरले.'

सरांनी वही आपल्याकडे ओढली. उजव्या खिशातलं निळं पेन काढून त्या ओळीखाली अकरा नावं आणि बावीस आकडे लिहिले, शेवटी 'तक्ता माझा होता' असं लिहून सही केली. मीही खाली सही केली. मुख्याध्यापिकांनी वही बंद केली आणि कपाटात ठेवली. आता वार्षिकचं वेटेज पन्नास आहे, अपूर्णांक शेवटपर्यंत ठेवायचा असा नियम झाला आहे, आणि श्रेणींचं पुढच्या वर्षावर ढकललंय. अकरा जणांना पत्र पाठवायचं की नाही, हे संस्थेकडे 'विचाराधीन' आहे. त्याचा अर्थ आपल्याला माहीत असतो. माझ्या तिघींपैकी दोघींना मी स्वतः फोन केला. एकीने ऐकून घेतलं, एकीने शिव्या दिल्या. तिसरीचा नंबर मिळालाय, पण अजून लावलेला नाही. तिच्याच आईला मी ते बोलले होते.

त्या बुधवारी सर म्हणाले, "बाई, माझ्याबरोबर येता का?" पुतण्या त्यांच्या समोरच्याच घरात राहत होता, आईवडील, बायको आणि मुलीसह. रोज जिन्यात दिसायचा. पण त्या घरात जाता येत नव्हतं, म्हणून आम्ही बसने पाच थांबे जाऊन त्याच्या दुकानात गेलो. आता दुकान त्याचंच होतं. मोठ्या टेबलावर काच आडवी होती आणि तो पट्टी धरून तिच्यावर रेघ ओढत होता. आम्हाला पाहून त्याचा हात थांबला नाही. रेघ पुरी केली, काच मोडली, तुकडा बाजूला ठेवला, मग हातमोजे काढले.

"काका? घरी काही झालं का?"

सरांनी कागद पुढे केला आणि सांगितलं. नीट सांगितलं, वर्गात सांगतात तसं, पायरीपायरीने. पुतण्या कागद बघत होता. ऐकता ऐकता त्याला हसू आलं.

"छत्तीस? म्हणजे एक मार्क वरच होता माझा."

"होता," सर म्हणाले. "चूक माझी. तुझं आयुष्य—"

"आयुष्याचं राहू द्या हो काका. मी मिस्त्री झालो, दुकान झालं, पोरगी पाचवीत आहे. साहेब झालो असतो की नाही कोणाला माहीत." तो कागदाची घडी घालत होता, उलगडत होता. "मला सांगून काय उपयोग? बाबांना सांगा. ते अजून म्हणतात, तुझ्या एका मार्कापायी माझा सख्खा भाऊ गेला. घरात कशावरूनही वाजलं की गाडी तिथेच येते. माझ्या मुलीसमोर म्हणतात. तेवढं थांबलं तर बघा."

 दुकानात एकच स्टूल होतं, ते मी सरांकडे सरकवलं. या अठरा वर्षांत सरांना वाटत होतं की भाऊ तुटला तो आपल्यामुळे, आपल्या तत्त्वापायी. त्यात थोडा मोठेपणाही होता. ते खापर समोरच्या घरात रोज त्या पोरावर फुटत होतं, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पुतण्याने दुकानाचं शटर ओढलं आणि आमच्याबरोबर निघाला. 

मजल्यावर पोचल्यावर पुतण्या चार पायऱ्या खालीच थांबला. सरांनी समोरच्या दाराची बेल वाजवली. दार त्यांच्या भावजयीने उघडलं, सरांना बघून एकदम बाजूला झाली आणि आत हाक मारली. भाऊ बाहेर आला. सरांसारखंच नाक, सरांसारखेच खांदे, फक्त केस जास्त पिकलेले. वहिनीही आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

सरांनी कागद दिला. भावाने चष्मा मागवला, लावला आणि कागद वाचला. त्याला कळायला वेळ लागला, सरांनी बोट ठेवून दाखवलं.

"म्हणजे तो पास होता," भाऊ म्हणाला.

"होता."

"आणि चूक तुझी."

"माझी. त्याची नव्हती. तुझीही नव्हती. तुला हेच सांगायला आलो."

आता हा माणूस सरांना बोल बोल बोलणार, कदाचित हातही उचलणार, असं मला वाटलं. मी एक पाऊल पुढेसुद्धा झाले. पण भाऊ सरांकडे बघतच नव्हता. तो दाराची चौकट धरून जिन्याकडे बघत होता.

"निकालाच्या दिवशी मी त्याला इथेच मारलं होतं," तो म्हणाला. "या जिन्यात, सगळ्या बिल्डिंगसमोर. पट्ट्याने. तो ओरडत होता, बाबा मी अभ्यास केला होता, खरंच केला होता. मी म्हटलं, खोटं बोलतोस."  "दादा, तुझं तू येऊन सांगितलंस. माझं मी त्याला कसं सांगू?"

 पुतण्या चार पायऱ्या खाली कठड्याला धरून उभा होता, आणि त्याने सगळं ऐकलं होतं.